परवान्याचं हत्यार कामावर नेताना

१ ऑक्टोबर २०२४. पहाटेची वेळ, मुंबईतलं जुहू. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटली. ती त्यांच्याच पायात घुसली. शस्त्रक्रिया करून काढावी लागली. घरात चोर शिरला नव्हता, झटापट झाली नव्हती, समोर कुणी उभंही नव्हतं. माणूस फक्त हत्यार जागेवर ठेवत होता.

स्वसंरक्षणासाठी परवाना काढणाऱ्या माणसाने या घटनेकडे नीट पाहावं. सराफ, पेट्रोल पंपाचे मालक, मार्केट यार्डातले अडते, बांधकामाचे ठेकेदार, रोकड घेऊन गावोगाव फिरणारे व्यापारी, अशा मंडळींच्या डोक्यात दरोडेखोर असतो. त्यांच्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी कधी गाठही पडत नाही. हत्यार मात्र रोज सकाळी अंगावर चढतं, रात्री उतरतं, मधे गाडीत, पेढीवर, शौचालयात, जेवणाच्या ताटावर सोबत असतं. धोका असतो तो या चढवण्या-उतरवण्यात. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘कुठलं घेऊ?’ खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी आपला दिवस कसा जातो ते पाहायचं, मग त्या दिवसात हत्यार अंगावर कुठे आणि कसं राहील ते ठरवायचं, आणि त्या जागी जे बसेल ते विकत घ्यायचं.

त्याच्याही आधी एक हिशेब मांडावा. बँकेत भरणा करायला रोज एकच माणूस, एकाच वेळी, एकाच रस्त्याने जात असेल तर कंबरेचं रिव्हॉल्व्हर त्याला फारसं वाचवणार नाही. वेळ बदलणं, सोबत दुसरा माणूस घेणं, भरण्यासाठी कॅश व्हॅनची सेवा लावणं, यूपीआय वाढवून गल्ल्यातली रोकडच कमी करणं, हे उपाय स्वस्त आहेत आणि त्यांना परवाना लागत नाही. हे सगळं करूनही धोका उरत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

परवाना: थोडक्यात

आपल्याकडे हत्यार बाळगणं हा हक्क नाही, सरकारने दिलेली परवानगी आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांच्या चौकटीत ती मिळते. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत अर्ज आयुक्तांकडे, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलिसांकडून चौकशी होते, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला लागतो, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, घरी ते सुरक्षित ठेवण्याची सोय आहे अशी हमी द्यावी लागते. नुसता ‘जिवाला धोका आहे’ एवढा मोघम मजकूर अर्जाला पुरत नाही. धमकीची फिर्याद, रोकड वाहून नेण्याचे व्यवहार, दुकानावर पूर्वी झालेला प्रयत्न, जे असेल त्याचे कागद जोडावेत. अर्ज नाकारला तर त्यावर अपील करता येतं.

२०१९ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी बदलल्या. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवण्याची मुभा राहिली. परवाना हातात आला की तो ओळ न ओळ वाचावा. कुठल्या क्षेत्रात चालतो, हत्यार किती दिवसांत विकत घ्यायचं, काडतुसं किती ठेवता येतात, हे सगळं त्यावरच असतं. अटी मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

झाकलेलं असावं, ही अटच आहे

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पिस्तूल उघडं बाळगावं की झाकून, यावर वर्षानुवर्षं वाद चालतो. आपल्याकडे तो वाद कायद्याने मिटवून टाकलाय. सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर ती होल्स्टरमध्ये किंवा तशाच बनवलेल्या पिशवीत हवी, पूर्ण झाकलेली हवी, आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर पुरेसा ताबा हवा, असं शस्त्र नियम सांगतात. ती मिरवणं, रोखून दाखवणं, उगाच बार काढणं यांना मनाई आहे. वरातीत किंवा वाढदिवसाला हवेत गोळीबार करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवाना जातो तो वेगळाच.

यातले ‘पूर्ण झाकलेलं’ आणि ‘पुरेसा ताबा’ हे दोन शब्दप्रयोग खरेदीला जाताना खिशात ठेवावेत. शर्ट खोचलेला आणि मूठ बाहेर, हे पहिल्या अटीत बसत नाही. स्कूटरच्या डिकीत, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये किंवा मुनिमाच्या बॅगेत ठेवलेलं हत्यार दुसऱ्या अटीत बसत नाही. आणि मुद्दाम शर्ट वर करून एखाद्या देणेकऱ्याला मूठ दाखवली, तर स्वसंरक्षणाचा परवानाधारक त्याच क्षणी धमकावणारा आरोपी ठरतो.

आधी दिवस पाहावा

एक साधा प्रयोग करावा. आठवडाभर, हत्याराच्या आकाराची आणि साधारण पाऊण किलो वजनाची एखादी वस्तू होल्स्टरसारख्या पाउचमध्ये घालून कंबरेला लावून हिंडावं. कुठे टोचतं, कुठे दिसतं, कधी काढून ठेवावंसं वाटतं, हे आपोआप कळतं. ज्या क्षणी काढून ठेवावंसं वाटतं, तोच उद्याच्या अपघाताचा किंवा चोरीचा क्षण.

पेढीवर गादीवर मांडी घालून बसणाऱ्या सराफाला पोटापुढे लावलेलं हत्यार दिवसभर रुतत राहतं, आणि मांडी घातल्यावर नळीचं तोंड थेट त्याच्याच जांघेकडे होतं. त्याला उजव्या कुल्ह्याच्या किंचित मागची जागा बरी. चारचाकी चालवत साइटवर फिरणाऱ्या ठेकेदाराचं उलट. कुल्ह्यामागचं हत्यार सीटमध्ये दबतं, वरून सीटबेल्टचं बक्कल आडवं येतं. दिवसातले पाच-सहा तास स्टिअरिंगमागे जात असतील तर डाव्या कुशीला, मूठ उजव्या हाताकडे वळवून लावलेलं किंवा खांद्याच्या पट्ट्याचं होल्स्टर सोयीचं पडतं. मात्र त्यावर जॅकेट किंवा बंडी हवी, आणि मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात ती कोण घालणार, हाही विचार हवा.

पंपावर किंवा गोदामात दिवसभर उभ्याने वावरणाऱ्याला कंबरेच्या आतल्या बाजूचं, म्हणजे पँट आणि अंग यांच्या मधे बसणारं होल्स्टर चांगलं झाकतं. त्यासाठी पँट कंबरेला एका मापाने मोठी शिवावी लागते. बाहेर सोडायचा बुशशर्ट, सफारी किंवा लांब कुर्ता यांखाली ते दिसत नाही. पातळ, अंगाला चिकटणाऱ्या टीशर्टखाली मुठीचा उंचवटा हमखास दिसतो. नाडीच्या पायजम्याला कुठलंच होल्स्टर नीट टिकत नाही. तो वेष रोजचा असेल तर पोटाला बांधायचा रुंद पट्टा घ्यावा, ज्यात होल्स्टर शिवलेलंच असतं. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालणाऱ्या व्यावसायिक स्त्रियांनाही हाच पट्टा उपयोगी पडतो. पर्समध्ये ठेवणं सोपं वाटतं, पण चोर आधी पर्सच हिसकावतो.

खिशात ठेवायचं तर हत्यार खरोखर लहान हवं, खिशाचं खास होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काहीही नको. किल्ल्यांचा जुडगा, पेन, सुटे पैसे यांतलं काहीही चापाच्या कडीत अडकू शकतं. घोट्याला बांधायचं होल्स्टर सिनेमात शोभतं. वाकून, पायचा वर करून हत्यार काढेपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो.

किती वेळ मिळतो, याचा अंदाज देणारी एक जुनी चाचणी आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लेख लिहून दाखवलं की चाकू घेतलेला निरोगी माणूस साधारण २१ फूट अंतर दीड सेकंदात पार करतो. २१ फूट म्हणजे मध्यम दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंतचं अंतर. चेन लावलेल्या बॅगेतून, शर्टाच्या दोन थरांखालून दीड सेकंदात हत्यार निघत नाही. ते झाकलेलंही हवं आणि एका हाताने निघायलाही हवं. ही ओढाताण ज्याच्या त्याच्या कपड्यांवर आणि कामावरच सुटते, कॅटलॉगवर नाही.

बाजारात काय मिळतं

सामान्य नागरिकाला ९ एमएम, .३८ किंवा .४५ बोअरची हँडगन मिळत नाही. त्या प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. राहतो तो मुख्यतः .३२ आणि काही प्रमाणात .२२. म्हणून परदेशी संकेतस्थळांवरची बहुतेक सल्लामसलत इथे कुचकामी ठरते.

.३२ मध्ये दोन वेगळी काडतुसं आहेत, हे नव्या परवानाधारकाला कुणी सांगत नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांबट, बुडाशी रुंद कडा असलेलं असतं. पिस्तुलाचं आखूड आणि वेगळ्या घडणीचं. बोअर एकच लिहिलेला असला तरी एकाचं काडतूस दुसऱ्यासाठी नसतं. खरेदीच्या वेळी दुकानदाराकडून दोन्ही शेजारी ठेवून पाहून घ्यावीत. आपल्याकडच्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या तळाशी बऱ्याचदा ‘के एफ’ अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसतात. पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्याची ती खूण.

रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यांचा माल सर्वाधिक दिसतो. जानेवारी २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचं. स्त्रियांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, किंमत मात्र सव्वा लाखाच्या आसपास होती. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर साधारण वर्षभराने आलेल्या या रिव्हॉल्व्हरवर, सुरक्षिततेची जबाबदारी बाईच्याच पर्समध्ये टाकली, अशी टीकाही झाली. ईशापूरच्या रायफल कारखान्याचं ‘निडर’ हे .२२ चं, अवघं २५० ग्रॅमचं. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘अवेल’ या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ आणलं. त्याची नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी जेमतेम १८ सेंटिमीटर, वजन पावणेसातशे ग्रॅमच्या घरात. जुन्या भारतीय रिव्हॉल्व्हरांची मान मोडून काडतुसं भरावी लागत. याचं चक्र बाजूला उघडतं. पिस्तुलात ईशापूरचं ‘अशनी’ वर्षानुवर्षं विकलं जातं. अलीकडे खासगी उत्पादकही उतरलेत. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने .३२ रिव्हॉल्व्हर तयार होतात.

तिसरा पर्याय जुन्या विलायती मालाचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी आयात बंद झाली, त्यामुळे आजोबांच्या काळातल्या वेब्ली, स्मिथ अँड वेसन किंवा वाल्थरला आजही अव्वाच्या सव्वा भाव येतो. शौकिनाने संग्रहासाठी घ्यावं. रोज अंगावर बाळगायला घेताना मात्र एक गोष्ट जाणकाराकडून तपासून घ्यावीच. चाप ओढल्याशिवाय घोडा काडतुसावर आपटू नये म्हणून आत अडसर असतो. काही जुन्या रिव्हॉल्व्हरांत तो नसतोच, काहींत झिजलेला असतो. असं हत्यार घोड्यावर पडलं तर गोळी सुटू शकते. शंका असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची जुनी पद्धत पाळावी. सहापैकी एक गोळी कमी होते, पाय शाबूत राहतो.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल

ज्याला महिन्या-दोन महिन्यांतून एकदाही सराव जमणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं. ते भरलं आहे की नाही हे चक्र उघडताच दिसतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं. चाप जड असतो, म्हणून चुकून ओढला जाण्याची शक्यताही कमी. पण तोच जडपणा नेमाच्या आड येतो. दोन-तीन इंची नळी, पुढची-मागची माशी एकमेकींजवळ आणि जड चाप, असं असताना पाच मीटरवरचा नेमही हुकतो.

पिस्तूल चपटं असतं, म्हणून झाकायला सोपं. त्यात गोळ्या जास्त मावतात, भरायला वेळ कमी लागतो. पण वरची स्लाइड मागे ओढायला मनगटात जोर लागतो. काडतूस अडकलं तर ते सोडवण्याची सवय हाताला हवी. आणि सगळ्यात मोठा सापळा असा की मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं वाटतं. चेंबरमध्ये एक गोळी शिल्लक असू शकते. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून सुटलेल्या गोळ्यांमागे बऱ्याचदा हीच एक विसरलेली गोळी असते.

दुकानात हत्यार हातात घेतलं की तीन गोष्टी बघाव्यात. पंजाची सगळी बोटं मुठीवर बसतात का. करंगळी खाली लोंबकळत असेल तर हत्यार आपल्या हाताला लहान आहे, कितीही सुबक दिसलं तरी. तर्जनीचं पहिलं पेर चापावर नीट टेकतं का. आणि तिसरी, नाण्याची परीक्षा. दुकानदाराच्या परवानगीने, रिकामं आहे याची दोघांनी खात्री करून, डमी काडतूस घालून नळीच्या वरच्या सपाट भागावर एक रुपयाचं नाणं ठेवावं आणि सुरक्षित दिशेला धरून चाप ओढावा. नाणं पडलं तर चाप त्या हातासाठी जड आहे. साठीच्या पुढच्या किंवा मनगटाला दुखणं असलेल्या माणसाने ही परीक्षा आवर्जून घ्यावी.

वजनाबद्दल एक गैरसमज सर्रास दिसतो, की हलकं तितकं चांगलं. हलकं बाळगायला सोपं, झाडायला अवघड. गोळी सुटताना बसणारा धक्का हत्याराचं वजन पचवतं. .३२ चा धक्का मुळात सौम्य, त्यामुळे पाचशे ते सातशे ग्रॅममधलं हत्यार बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पेलतं.

होल्स्टरवर पैसे वाचवू नयेत

लाखभर रुपयांचं रिव्हॉल्व्हर आणि फुटपाथवरचं दोनशे रुपयांचं रेक्झिनचं पाकीट, ही जोडी आपल्याकडे नेहमी दिसते. होल्स्टर त्याच मॉडेलच्या मापाचं हवं. त्याने चाप आणि चापाची कडी पूर्ण झाकली पाहिजे. हत्यार काढल्यावर त्याचं तोंड मिटून जाऊ नये, नाहीतर परत घालताना दुसऱ्या हाताने तोंड उघडावं लागतं आणि नळी त्याच हातावर रोखली जाते. रिकामं हत्यार घालून होल्स्टर गादीवर उलटं धरून हलवावं. हत्यार बाहेर आलं तर ते होल्स्टर परत करावं. पट्टा जाड आणि ताठ हवा. शोभेच्या पातळ पट्ट्यावर पाऊण किलो लोंबकळतं, आणि माणूस दर दहा मिनिटांनी कंबर सावरत बसतो. बघणाऱ्याला तेवढी खूण पुरते.

होल्स्टरशिवाय नुसतं पँटमध्ये खोचणं, हे कुठल्याही परिस्थितीत नको.

परत घालण्याची घाई कधीच नसते. काढताना घाई असेल, घालताना थांबावं. बोट चापापासून दूर, शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी आत गेलेली नाही ना हे पाहावं आणि मगच सरकवावं. शौचालयात जाताना हत्यार होल्स्टरमधून काढून टाकीवर किंवा खिडकीत ठेवू नये. काढायचंच तर होल्स्टरसकट काढावं. शक्य तोवर सकाळी एकदा चढवावं, रात्री एकदा उतरवावं, मधे हात लावू नये.

कामाच्या जागी ठेवायचं कुठे

न्यायालय, विमानतळ, सरकारी कार्यालयं, शाळा-महाविद्यालयं, मोठी मंदिरं, मॉल अशा ठिकाणी हत्यार घेऊन आत जाता येत नाही. त्या दिवशी ते घरी राहावं. गाडीत ठेवून आत जाऊ असं म्हणणं म्हणजे ते चोराच्या हवाली करणं. दुकानात किंवा ऑफिसात कधीतरी अंगावरून उतरवावं लागतंच. त्यासाठी भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने घट्ट केलेली, फक्त परवानाधारकाकडेच किल्ली किंवा कोड असलेली पेटी हवी. गल्ल्याचा खण, टेबलाचा ड्रॉवर, देवघरामागची फट या जागा दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची गोळ्या घालून हत्या झाली, हल्लेखोराने नंतर स्वतःलाही संपवलं. वापरलेलं पिस्तूल हल्लेखोराचं नव्हतं. ते त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं आणि कार्यालयातल्या लॉकरमध्ये ठेवलेलं असे, अशी माहिती तपासात पुढे आली. मालकाच्या कपाटात राहणारं रखवालदाराचं हत्यार किंवा वडिलांच्या परवान्यावर मुलाच्या कंबरेला लागलेलं रिव्हॉल्व्हर ही आपल्याकडची जुनी सवय. परवाना माणसाच्या नावाने असतो, घराच्या किंवा दुकानाच्या नाही.

घरी उतरवताना एक पोलिसी पद्धत उचलण्यासारखी आहे. अनेक ठाण्यांत आणि छावण्यांत हत्यार रिकामं करण्यासाठी वाळूने भरलेली बादली किंवा पेटी असते. नळी त्यात रोखूनच काडतुसं काढायची, म्हणजे चुकून सुटलीच तर गोळी वाळूत जाते. घराच्या एका कोपऱ्यात अशी बादली ठेवायला खर्च नाही. काडतुसं मोजून वेगळ्या कुलपात ठेवावीत. प्रवासाची गडबड, फोन, लहान मुलं आसपास, अशा वेळी हत्याराला हातच लावू नये.

सराव आणि निगा

परवान्यासाठी घेतलेलं प्रशिक्षण ही सुरुवात. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडीला रेंज आहे, अनेक जिल्ह्यांत रायफल क्लब आहेत. स्वतःचं हत्यार, स्वतःचं होल्स्टर, रोजचे कपडे, असा सराव तिथल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करता येतो का, ते आधी विचारून घ्यावं. झाकलेला शर्ट एका हाताने वर करून हत्यार काढणं, हे रिकाम्या हत्याराने शेकडो वेळा झाल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. शेताच्या बांधावर किंवा फार्महाऊसवर बाटल्या लावून नेम धरणं हा सराव नाही, गुन्हा आहे.

कोकणात, मुंबईत, गोव्यात हत्याराचा खरा वैरी घाम आणि दमट हवा. अंगाला लागून असलेल्या बाजूला आठवड्यात गंजाचे ठिपके दिसतात. चामडं ओल धरतं, म्हणून रात्री हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नये. कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पेटीत ठेवावं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. तेल चोपडू मात्र नये. ते काडतुसाच्या तळातून आत झिरपलं तर ऐनवेळी काडतूस पेट घेत नाही. अंगावर बाळगलेली काडतुसं वर्षभराने रेंजवर सरावात संपवावीत आणि नवी भरावीत.

चाप कधी ओढता येतो

भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिडहल्ला होत असेल, तर बचाव समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही जाऊ शकतो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी अशा मोजक्याच प्रसंगी. पण कलम ३७ ची मर्यादा सगळ्यांवर आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी यात बसवणं वकिलाला फार कठीण जातं. रस्त्यावरची बाचाबाची, पार्किंगचा वाद, वसुलीचा तगादा यांचा आणि हत्याराचा संबंध नाही. चार घोट घेतलेल्या संध्याकाळीही ते पेटीतच राहावं.

गोळी झाडली गेलीच तर ११२ वर फोन करावा, जखमीसाठी रुग्णवाहिका मागवावी, हत्यार सुरक्षित करून पोलिसांच्या हवाली करावं आणि जागेवरचं काही हलवू नये. हत्यार जप्त होऊन तपासणीसाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल, खटला चालेपर्यंत कदाचित परतही मिळणार नाही. परवाना निलंबित होऊ शकतो. ही सगळी शक्यता गृहीत धरून वकिलाचा नंबर आधीच जवळ असावा.

राहता राहिली कागदपत्रं. मूळ परवाना हत्यारासोबत बाळगावा, छायाप्रत घरी आणि ऑफिसात ठेवावी. पत्ता बदलला, दुसऱ्या जिल्ह्यात मुक्काम हलवला तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला आणि नव्या ठिकाणच्या पोलिसांना कळवावं. हत्यार हरवलं तर त्याच दिवशी फिर्याद द्यावी. निवडणुकीच्या काळात पोलिसांकडून हत्यार जमा करण्याची नोटीस येते. सोन्याच्या पेढीला असतो तसा धोका खरोखर असेल तर छाननी समितीकडे सवलतीसाठी अर्ज करता येतो, मात्र तो नोटिशीनंतर लगेच करावा लागतो. जमा करताना हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि हत्याराची स्थिती लिहिलेली पोच घ्यावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधीच टाकावा, कारण मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी कंबरेला असलेलं तेच रिव्हॉल्व्हर कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना असतं.